ऐकायला तिघं

१

नाडीपट्टीत नेमकं काय करतात, असं मला पांढरकवड्यात रोज कोणी ना कोणी विचारतं. मी सांगतो, जिनिंगमध्ये रेच्यावर कापूस घालतात तसं आहे. प्रश्न घालत जायचे, सरकी गळत जाते, शेवटी रुई हातात राहते.

आधी अंगठा घ्यायचा. पुरुषाचा उजवा, बाईचा डावा. अंगठ्याच्या रेषा भिंगातून पाहून पट्टी वाचणारा शण्मुगम आतल्या पेटीतून ताडपत्रांची एखादी गड्डी काढून आणतो. वीतभर लांब, दोन बोटं रुंद अशा पट्ट्या, भोकात दोरी ओवलेली, खाली-वर लाकडाच्या फळ्या. एकेक पट्टी उचलून तो त्यातलं एकेक वाक्य वाचतो, मी ते मराठीत सांगतो आणि समोरच्याने फक्त हो किंवा नाही म्हणायचं. वडिलांच्या नावात देवाचं नाव आहे? पाठीवर दोन भाऊ? एक ‘नाही’ आलं की पट्टी उलटायची. सगळ्याला ‘हो’ आलं की ती तुमची पट्टी. मग तिच्यातून तुमचं नाव निघतं, आईबापाचं नाव निघतं आणि माणसं रडायला लागतात. दोन तास आपणच सगळं सांगत होतो, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. एकोणीस वर्षं मी कोइमतूरला रुईची प्रत ठरवण्याच्या नोकरीत होतो, तिथे तमिळ शिकलो. निवृत्त होऊन घरी आलो तेव्हा वाटलं, ही भाषा आता इथे काय कामाची! तर दिवाळीनंतर तंजावरकडचा हा शण्मुगम गावात आला. हायवेजवळच्या एका लॉजची वरची खोली धरून बसला आणि दुभाषी शोधत माझ्या दारात उभा राहिला. यंदाचा आमचा चौथा हिवाळा. तो मला ‘सार’ म्हणतो, मी त्याला अण्णा म्हणतो. माझा त्याच्या पट्ट्यांवर विश्वास नाही हे त्याला ठाऊक आहे. तो म्हणतो, पुलाला कुठे पाण्यावर विश्वास ठेवावा लागतो?

प्रत्येक पट्टीच्या सुरुवातीला एक ठरलेलं वाक्य असतं. अमुक वयात, अमुक महिन्यात हा जीव ही पट्टी ऐकायला येईल आणि ऐकायला इतकी माणसं बसतील. वाचणारा त्यात धरत नाहीत, दुभाषी धरतात. एकटा माणूस आला की दोघं, जोडपं आलं की तिघं. हे वाक्य मी कधी मराठीत आणत नसे. किती माणसं बसलीत ते ज्याला त्याला दिसतं. शण्मुगमलाही दिसतं, म्हणून ते नेहमी बरोबर येतं. निदान माझं तसं मत होतं.

२

डिसेंबरातल्या एका गुरुवारी दुपारी जुबैदाभाभी आल्या. जफर मिस्त्रीच्या बायको. हायवेवर जफरचं गॅरेज होतं, तो जाऊन आठ-नऊ वर्षं झाली. नंतर गॅरेज पोरानं चालवलं, आसिमनं. तीन वर्षांपूर्वी एका ट्रकचे ब्रेक पाहायला म्हणून तो त्याच ट्रकमध्ये बसून आदिलाबादच्या बाजूला गेला. पाटणबोरीच्या अलीकडे उतरला, ड्रायव्हरला म्हणाला, तू हो पुढं, मी मागच्या गाडीनं परत जातो. मागची गाडी कोणती, हे आजवर कोणाला सांगता आलेलं नाही. पोलिसांत नोंद झाली, फोटो लागले, पावसानं ते फोटोही गेले. सत्तावीस वर्षांचं पोरगं.

‘सदाशिवभाऊ,’ त्या दारातूनच म्हणाल्या, ‘मी इथं आली हे अतियाले सांगजा नोका. थे नागपूरहून रोज फोन करून राह्यली. म्हणते, अम्मी, बस झालं, घराले कुलूप लाव अन् ये माह्याकडं. पुढच्या जुम्म्याले बोलावलं हाय तिनं.’

‘मंग जा ना, भाभी. एकटीनं किती दिवस काढसान?’

‘अन् आसिम आला, अन् दाराले कुलूप दिसलं तं?’

मी त्यांना आत यायची खूण केली.

‘म्हणून एवढंच इचारा तुमच्या स्वामीले. पोरगा जिता हाय का नाही. जिता असन तं मी कोठीच जात नाही, बसते वाट पाहात. नसन तं...’ तिथे त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि हातातली पिशवी उघडली.

पिशवीत टॉवेलात गुंडाळलेलं स्टीलचं झाकण होतं, साखरेच्या डब्याचं. त्यावर ग्रीसचा एक काळा अंगठा उमटलेला होता, रेष न् रेष दिसावी असा. आसिम गॅरेजमधून आला की हात न धुता आधी साखरेचा डबा उघडायचा, चिमूटभर साखर तोंडात टाकायचा, आणि रोज आईच्या शिव्या खायचा. ‘हा त्याचा अंगठा हाय. यावरून काढा पट्टी.’

शण्मुगमनं झाकण हातात घेतलं नाही. लांबूनच पाहिलं आणि मान हलवली. ‘अंगठा हाताला धरून यावा लागतो, सार. नुसता ठसा चालत नाही. आईचा घेऊ. आईच्या पट्टीत पाचवं कांडम्, म्हणजे प्रकरण, मुलांचं असतं.’

मी त्यांना चटईवर बसायला सांगितलं. चटई चांगली तिघाचौघांना पुरेल एवढी, पण भाभी अगदी उजव्या कडेला, अर्ध्या फरशीवर बसल्या. मी म्हणालो, मध्ये बसा, समईचा धूर लागेल तिथं. ‘इथंच बरं हाय,’ त्या म्हणाल्या, आणि झाकण आपल्या डाव्या हाताला चटईवर ठेवलं.

त्या दिवशी चाळीस पट्ट्या झाल्या, चाळीसांनाही ‘नाही’ आलं. शण्मुगमनं फळ्या बांधल्या. सोमवारी या म्हणाला.

३

सोमवारी दुसरी गड्डी निघाली. सातवी पट्टी.

‘नवऱ्याच्या नावाचा अर्थ विजय,’ मी सांगितलं.

‘हो. जफर म्हणजे थेच.’

‘फक्त हो म्हना, भाभी. बाकी सांगू नोका.’

‘हो.’

‘नवरा आता नाही.’

‘हो.’

‘तुमचं नाव लोण्यावरून आहे.’ हे सांगताना मला हसू आलं. लोण्यावरून कुठे बाईमाणसाचं नाव असतं? मी शण्मुगमला पट्टी उलटायची खूण करणार, इतक्यात भाभी म्हणाल्या, ‘हो.’ मग त्यांना राहवलं नाही. ‘जुबैदा म्हणजे मलई, लोनी. अब्बा मले लहानपनी मस्का म्हणून चिडवत. जफरलेबी मी हे कधी सांगतलं नाही, चिडवन म्हणून.’

मी शण्मुगमकडे पाहिलं. या माणसाला हिंदीत पाणी मागता येत नाही. मग मनात म्हटलं, हल्ली मोबाईलवर सगळ्या नावांचे अर्थ मिळतात, आणि आज सोमवार आहे, मध्ये चार दिवस गेलेत. असं काहीतरी मनात म्हटलं की मला बरं वाटतं.

पट्टी मिळाली. शण्मुगमनं ती कपाळाला लावली आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. पंचावन्नाव्या वर्षी, मार्गशीर्षात, उतरत्या दुपारी ही स्त्री ही पट्टी ऐकायला येईल. ऐकायला तिघं बसतील.

तो थांबला. पट्टी डोळ्यांजवळ नेऊन त्यानं ते वाक्य पुन्हा वाचलं. भाभींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग चटईकडे.

‘सार,’ तो तमिळमध्ये म्हणाला, ‘बाहेर कोणी थांबलंय का?’ आणि त्याच्याही नकळत त्यानं तीन बोटं वर केली.

मी उठून बाहेर गेलो. गॅलरीत कोणी नव्हतं. बंद खोल्यांची चार दारं, पाण्याचा ड्रम, कठड्यावर वाळत घातलेल्या चादरी. खाली पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर धडधडत होता. दारापाशी तीन जोड चपला होत्या, माझ्या, शण्मुगमच्या आणि भाभींच्या. त्या मी मोजल्या, आणि दिवसाढवळ्या आपण चपला मोजत उभे आहोत हे लक्षात आल्यावर माझा मलाच राग आला.

आत आलो. भाभी हलल्या नव्हत्या. चटईच्या कडेला तशाच, डाव्या हाताला ते झाकण.

‘काय म्हनले थे?’ त्यांनी विचारलं. ‘तीन बोटं दाखवले त्याईनं.’

‘तिसरं कांडम् आधी वाचू का, म्हनत होते.’

चार हिवाळ्यांत मी पुष्कळ वाक्यं गाळली होती. खोटं वाक्य घातलं नव्हतं. पण ते इतक्या सहज आलं, की मला पुढेच रेटावं लागलं. ‘आपण दोघं ऐकाले बसलो हावो, असं पट्टीत आलं. सुरुवात बराबर हाय.’

‘दोघं?’

‘दोघं.’

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, एवढंच मला दिसलं. मी त्याला सुटका समजलो. तिसरा तो आसिम असेल आणि बसूनही दिसत नसेल, तर तो जिता कसा असेल? हे त्या माउलीला मी माझ्या तोंडानं सांगायचं होतं का? मला दया आली होती, आणि दया करणाऱ्या माणसाला आपण शहाणे आहोत असंही वाटत असतं.

पाचवं कांडम् बुधवारी वाचू, असं शण्मुगम म्हणाला.

४

भाभी गेल्यावर मी त्याच्याकडे पट्टी मागितली. जुनी तमिळ अक्षरं मला धड लागत नाहीत, पण आकडे लागतात. कोइमतूरला आमचा एक म्हातारा मुकादम रुईच्या गाठींवर अजून जुन्या पद्धतीचे आकडे घालायचा. मी पट्टी खिडकीशी नेली, शण्मुगमचं भिंग लावलं. तिथे तीन होतं. शाई मुरून काळपट झालेली, कड झिजलेली, मागून कोणी कोरलेलं असतं तर तिथला तंतू पांढरा दिसला असता. आयुष्यभर मी धाग्याधाग्याची प्रत बोटांनी ठरवली आहे. मला एवढं कळतं.

‘चुकलं असेल लिहिणाऱ्याचं,’ मी म्हणालो.

‘असेल,’ शण्मुगम म्हणाला. ‘तुम्ही बाईंना काय सांगितलंत?’

मी सांगितलं. पट्टी घेऊन त्यानं गड्डीत ओवली आणि दोरीला एक गाठ जास्त मारली.

संध्याकाळी घरी माझी बायको कौसल्या ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मीही समोर बसलो आणि सोलता सोलता सगळं सांगितलं. ती सोलतच राहिली. शेवटी म्हणाली, ‘मंग तुमी दोघंच काहून सांगतले?’

‘काहून म्हंजे? आईले सांगू का, तुह्या पोराचं भूत चटईवर बसलं हाय म्हणून?’

‘भूत कायले म्हनता? पोरगा म्हना.’

‘कौसल्या, पोरगा जिता हाय हे ऐकाले आली होती थे.’

‘हे तुमाले कोनं सांगतलं?’

‘तिनंच.’

‘लोकाईले जे समजते थेच बोलली असन थे.’ तिनं दाणे वाटीत टाकले. ‘चटईच्या कडेले बसली म्हनता. तुमी कोइमतूरले होते तवा मी पलंगावर कशी निजत होती, मालूम हाय? कडेले. एकोनीस वर्सं. पलंग येवढा मोठा, अन् मी कडेले. कोनी म्हनलं असतं मधात झोप, तं मी झोपली असती का?’

मला हे माहीत नव्हतं. एकोणीस वर्षांत मला हे एकदाही कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. मी तिच्या हातातली शेंग घेतली आणि उगाच सोलत राहिलो. डोळ्यांपुढून ती चटई जाईना. उजव्या कडेला बाई, आणि डावीकडे, एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा.

५

बुधवारी शण्मुगमनं समईत दोनदा तेल घातलं. वाचायचं त्याच्या जिवावर आलं होतं. भाभी आल्या, कडेला बसल्या, डावीकडे झाकण ठेवलं. मी आज त्यांना मध्ये बसा म्हणालो नाही. खाली कॉम्प्रेसर चालू होता.

पाचवं कांडम् लहान होतं, एक पट्टी. शण्मुगमनं सुरात म्हणायला सुरुवात केली आणि मी मागून सांगत गेलो. या स्त्रीला मुलं दोन. मुलगी दूर, मोठ्या गावी. मुलाचं नाव राखणाऱ्याचं. भाभी हळूच म्हणाल्या, ‘आसिम म्हणजे थेच.’

पुढच्या ओळीला शण्मुगमचा सूर तुटला. उरलेलं त्यानं साध्या आवाजात, जवळजवळ पुटपुटत वाचलं.

‘तो आईच्या डाव्या बाजूला बसून हे ऐकतो आहे. हात न धुता.’

नेमका तेव्हाच खालचा कॉम्प्रेसर बंद पडला. तो टाकी भरली की आपोआप बंद पडतो, दिवसातून वीसदा पडतो. पण खोलीत एकदम इतकं शांत झालं, की मला समईची वात ऐकू यायला लागली. आणि वातीबरोबर आणखी काहीतरी. कोणीतरी तोंडातल्या तोंडात साखर चावावी, तसं. वाळवी असेल. जुन्या लॉजमध्ये दारांना वाळवी असते. मी भाभींच्या डावीकडे पाहिलं नाही. मान तिकडे वळतच नव्हती.

शण्मुगमनं ते झाकण पाहिलं होतं. काळा अंगठा पाहिला होता. हात न धुतल्याची ओळ त्याला सुचू शकते, असं माझं डोकं अजून सांगत होतं. पण आता तो त्या झाकणाकडे पाहायलाही तयार नव्हता.

‘काय म्हनले, भाऊ?’

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. दक्षिणेला आहे, वाट पाहा. चांगलं वाक्य. ते बोललो असतो तर ही बाई उरलेलं आयुष्य त्या घराचा दरवाजा उघडा ठेवून बसली असती.

‘भाभी,’ मी म्हणालो, ‘सोमवारी मी खोटं बोललो. पट्टीत दोघं नव्हतं. तिघं होतं. ऐकाले तिघं.’

भाभींचा हात झाकणावर गेला.

‘तिसरा तुमच्या डाव्या हाताले बसला हाय. पट्टीत लिहिलं हाय तसं.’ मी एकही शब्द गाळला नाही. ‘हात न धुता बसला हाय.’

मला वाटलं होतं त्या किंचाळतील, नाहीतर कोसळतील. त्यांनी फक्त डोळे मिटले आणि खूप दिवस अडलेला श्वास सोडावा तसा सोडला. मग त्यांनी झाकण उचलून माझ्यापुढे धरलं.

‘हे मी दर जुम्म्याले घासते, भाऊ. राखेनं घासते, साबनानं घासते, पार चकचकीत करते. शनिवारी सकाळी हे असं असते.’

मी अंगठा पाहिला. ग्रीस ओलं होतं. तीन वर्षांचं ग्रीस वाळून खरवडावं लागलं असतं. हे बोट लावलं तर बोटाला लागलं असतं. मी बोट लावलं नाही.

‘अतियाले एकडाव दाखवलं. थे म्हनते, अम्मी, तूच करून राह्यली असशीन, तुले आठवत नसन. डॉक्टरले दाखवू म्हनते. मीबी म्हनलं, असन बापा, माहंच डोकं गेलं असन.’ त्यांच्या डोळ्यांतून आता पाणी वाहत होतं. ‘जिता हाय का नाही, हे मले कधीचंच समजलं, भाऊ. आईले समजते. मले फक्त कोनीतरी दुसऱ्यानं ‘थो हाय’ म्हनाले पाह्यजे होतं. सोमवारी तुमी दोघं म्हनले, तवा मले वाटलं, गेलं. पागलच झाली मी.’

म्हणजे सोमवारी त्यांच्या चेहऱ्यावरून जे उतरलं, ती सुटका नव्हती. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

‘इचारा ना त्याईले,’ त्या म्हणाल्या, ‘मी घराले कुलूप लावलं तं थो कोठी ऱ्हाईन? नागपूर त्यानं पाह्यलं नाही बराबर. अतियाचं घर त्याले सापडन का?’

मी विचारलं. शण्मुगमनं पट्टीवरची शेवटची ओळ माझ्याकडे न पाहता वाचली. ती मी जशीच्या तशी सांगितली. ‘आई उठेल तेव्हा तोही उठेल.’

भाभींनी पदरानं तोंड पुसलं. मग मान डावीकडे वळवून, रोज गॅरेजमधून आलेल्या पोरावर खेकसावं तशा खेकसल्या, ‘सुना? उमरभर बोलली मी, हात धो के आ, हात धो के आ. पाह्य आता, येवढ्या जुन्या किताबात लिहून ठेवलं तुह्या हाताचं!’ आणि तोंडाला पदर लावून त्या हसत-रडत राहिल्या.

थोड्या वेळानं त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. तेव्हा मी पाहिलं. पाहायचं नाही असं ठरवूनही पाहिलं. त्यांच्या वजनानं दबलेल्या चटईच्या काड्या कुरकुरत वर आल्या. मग एका क्षणानं, डाव्या बाजूच्याही आल्या.

६

शुक्रवारी मी आणि कौसल्या त्यांना बसवून द्यायला गेलो. एक बॅग, एक पिशवी. अतिया नागपूरच्या स्टँडवर घ्यायला येणार होती. घरातून निघताना भाभी दार उघडं धरून उंबऱ्यापाशी थोड्या थांबल्या, जणू आतून कोणी चप्पल घालत होतं. मग त्यांनी कडी घातली, कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि मागे वळून पाहिलं नाही. कौसल्यानं विचारलं, झाकण घेतलं का? ‘घेतलं. आज जुम्मा हाय, पन घासलं नाही.’

बसला गर्दी होती. भाभींना दोघांच्या सीटवर खिडकीची जागा मिळाली. बॅग वर ठेवून मी उतरणार होतो, तेवढ्यात कंडक्टर आला.

‘नागपूर,’ भाभी म्हणाल्या. ‘दोन.’

‘दुसरं कोण?’

भाभी माझ्याकडे पाहायला लागल्या. कंडक्टरही माझ्याकडे पाहायला लागला, मागे उभी असलेली माणसंही. त्यांतला एकजण त्या रिकाम्या जागेवर बसायला आधीच वाकला होता.

माझ्या गावातली बस. त्यातली अर्धी माणसं मला नावानं ओळखणारी. सदाशिवराव म्हणजे कशावर विश्वास न ठेवणारा माणूस, हेही त्यांना ठाऊक.

‘पोरगा हाय त्याईचा,’ मी मोठ्यानं म्हणालो. ‘दोन द्या.’

‘कुठाय पोरगा?’

मी त्या रिकाम्या सीटवर हात ठेवला. ‘हा काय. बसला हाय.’

कंडक्टरनं सीटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, भाभींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग मशीनमधून दोन तिकिटं काढली. वाकलेला माणूस सरळ झाला आणि निमूटपणे मागे सरकला. भाभी खिडकीकडे आणखी थोड्या सरकल्या. ‘नीट बस,’ त्या म्हणाल्या, आणि ते मला म्हणाल्या नव्हत्या.

मी उतरलो. बस गेली. घरापर्यंत आम्ही दोघं चालत आलो. कौसल्यानं गॅसवर पाणी ठेवलं आणि सवयीनं म्हणाली, ‘हात धुऊन या, चहा ठेवते.’

मी मोरीपाशी गेलो आणि नळ सोडायच्या आधी माझं लक्ष गेलं. बसचे दांडे मळकट असतातच. पण दांडा मी डाव्या हातानं धरला होता, आणि सीटवर ठेवला होता तो उजवा. त्या उजव्या हाताच्या पाठीवर, कोणी वरून आपला हात ठेवून थोडा दाबावा तसा, एक काळा अंगठा उमटला होता. ओला.

मी भ्यालो. खोटं कशाला सांगू? आणि त्याच वेळी मला भरून आलं.

‘धुतले का?’ आतून कौसल्यानं विचारलं.

‘थांब जरा,’ मी म्हणालो.

ती बाहेर आली. माझा हात तिनं पाहिला, आणि नळ सोडला नाही. आत जाऊन तिनंच साखरेचा डबा उघडला.